पडण्याच्या चौदा वह्या

क्लबात त्याला सगळे गादी म्हणत. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते आता कुणाला सांगता येत नव्हतं, पण का ठेवलं ते मॅटच्या कडेला पाच मिनिटं उभं राहिलं की कळायचं. ज्यूडो शिकायला समोर एक माणूस लागतो, ज्याला उचलून टाकता येईल. तो ताठ राहिला तर डाव बसत नाही आणि आधीच सैल पडला तर शिकणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. गादी बरोबर मधला होता. अंगाने बारीक, वजनाने बेताचा, पडला की हाताची थाप अशी वाजायची की टाकणाऱ्याला वाटावं, आपण फार मोठा तीर मारला. परीक्षेला बसणारा प्रत्येक जण त्यालाच मागायचा. एकवीस वर्षं तो पडत होता आणि प्रत्येक पडण्याची नोंद ठेवत होता.

नोंदीची सवय कामावरची. तो चष्म्याच्या काचा घासायचा. दुकानामागे एक लांबट खोली, तिच्यात चार मशिनं, चाकावर सतत पडणारी पाण्याची बारीक धार आणि संध्याकाळपर्यंत कोपरापर्यंत चढणारा पांढरा चिखल. तिथे प्रत्येक जोडीबरोबर एक कार्ड फिरतं: नंबर किती, कोन किती, कोणी घासली, कधी घासली. कार्डाशिवाय काच या टेबलावरून त्या टेबलावर जात नाही. क्लबात पहिल्या दिवशी सरांनी नव्या पोरांना सांगितलं होतं की आज तुमच्या बाबतीत जे झालं ते घरी जाऊन वहीत लिहा. बाकीच्यांनी दोन आठवडे लिहिलं आणि सोडलं. याने पट्टीने रकाने आखले. तारीख, डाव, कोणी टाकलं, कोणत्या अंगावर पडलो, किती वेळा, आणि शेवटी शेरा. पहिल्या दिवशी तो फक्त पडलाच होता, म्हणून रकाने पडण्याचे झाले. दुसऱ्या दिवशीही तेच. मग ते रकाने बदलायचं कारणच आलं नाही. वह्या चौदा झाल्या.

त्याच्या कमरेला तपकिरी पट्टा अकरा वर्षं होता. तपकिरीनंतर काळा. दर वर्षी परीक्षेची तारीख लागली की सर म्हणायचे, या खेपेला ही दोन पोरं उभी करू, त्यांना तूच लागणार, पुढच्या वेळी तुझी. परीक्षा देणाऱ्यांसाठी दिवसभर पडून झाल्यावर स्वतः परीक्षेला उभं राहायचं त्राण कुणात उरत नाही, आणि हे सरांना माहीत होतं. तोही मान हलवायचा. पोरं काळे पट्टे बांधून निघून गेली. कुणी लग्न करून, कुणी नोकरीपायी. दोघांनी स्वतःचे क्लब काढले. दिवाळखोर निघाला तो एकटा गादी, असं क्लबातला पोस्टवाला गमतीने म्हणायचा. पोस्टात कारकून असलेला हा गडीही गादीला टाकून टाकूनच काळ्या पट्ट्याला पोचलेला.

शेहेचाळिसाव्या वर्षी त्याच्या डाव्या हाताच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला मुंग्या यायला लागल्या. एका आठवड्यात चाकावरून दोन काचा निसटल्या. तिसऱ्या दिवशी मालक मशिनपाशी येऊन उगाच उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी मानेचा एमआरआय काढायला लावला. मानेच्या दोन मणक्यांमधली चकती बाहेर आली होती आणि हाताला जाणारी नस दाबत होती. बाईंनी विचारलं, कधी पडला होतात का?

"कोणत्या सालापासून सांगू?" तो म्हणाला.

बाईंना वाटलं चेष्टा करतोय. त्याने आकडा सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. बासष्ट हजारांच्या वर. मग त्यांनी नीट समजावलं. अजून एखादं वेडंवाकडं पडणं झालं तर बोटं जातील ती परत येतीलच असं नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला याहून जास्त काही सांगावं लागत नाही. त्याने एवढंच विचारलं की पडलो नाही आणि नुसतं दुसऱ्याला टाकलं तर चालेल का. त्या म्हणाल्या, पडू नका, बाकी तुमचं तुम्ही बघा.

परीक्षा आठ आठवड्यांवर होती. परीक्षेत टाकायचं असतं, पडायचं काम जोडीदाराचं. म्हणजे काळ्या पट्ट्यासाठी त्याला एकदाही पडायची गरज नव्हती. ही एक परीक्षा द्यायची आणि मग मॅटवर पाय ठेवायचा नाही, असं त्याने ठरवलं. एकवीस वर्षांनंतर आपल्या नावावर एक गोष्ट असावी, यापलीकडे त्याचं काही मागणं नव्हतं. सरांना त्याने मानेचंही सांगितलं आणि परीक्षेचंही. सर म्हणाले, उतर, मी सही देतो.

सही नोंदवहीवर लागायची. संघटनेचा नियम असा की उमेदवाराने दोन वर्षांच्या सरावाची वही आणायची, तिच्यात स्वतः केलेले डाव असायला हवेत. वहीच्या बाबतीत आपल्याला कुणी हरवणार नाही, अशी गादीची समजूत होती. रविवारी सकाळी त्याने चौदाही वह्या टेबलावर मांडल्या आणि बायकोला मदतीला बसवलं. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. तिला कुणाचंही अक्षर लागायचं. ती वाचणार, आणि जिथे याने कुणाला टाकलं असेल तिथे हा खूण करणार, असं ठरलं.

तिने या वह्या कधी उघडल्या नव्हत्या. पहिल्या दोन तिने भराभर वाचल्या. तिसरीत थांबली. तारीख पाहिली, परत पाहिली.

"या दिवशी तर मी दवाखान्यात होते. धाकटीच्या वेळी."

तो म्हणाला, संध्याकाळी गेलो होतो, तासभरच. तिने मोठ्याने वाचलं: कमरेवरचा डाव, उजवी कूस, चाळीस वेळा, शेरा, चांगलं लागलं. पुढच्या वहीत त्याच्या वडिलांना स्मशानात नेलं त्याच्या तिसऱ्या दिवशी पस्तीस वेळा. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "घरात सतरंजीची घडी सरकली तरी तुम्हाला चालत नाही. आणि तिथे कुणीही यावं नि तुम्हाला अंथरावं." मग तिने पान उलटलं.

दुपारपर्यंत चौदा वह्या झाल्या. एकवीस वर्षांत त्याने दुसऱ्याला टाकलं होतं दोनशे सहा वेळा. त्यातलं बरंचसं, कुणी आलंच नाही म्हणून सर स्वतः उभे राहिले त्या दिवसांतलं. गेल्या दोन वर्षांतले मोजले तर अकरा.

सरांना हे सांगितल्यावर ते हसले. म्हणाले, अरे, सगळे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बसून नवी वही लिहितात, तू काय आकाशातून पडलास? दोन रविवारचं काम आहे. डाव तुला सगळे ठाऊक आहेत, लिही आणि आण. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. प्रत्येक डाव त्याला ठाऊक होता. पुढच्या रविवारी तो नवी वही, पट्टी आणि दोन रंगांची पेनं घेऊन बसला. रकाना बदलला: कोणाला टाकलं. पहिली ओळ सरळ आली. शेऱ्याशी पेन अडलं. काय जमलं, काय चुकलं ते लिहायचं होतं. दुसऱ्याने टाकताना काय चुकतं ते त्याला पाठीच्या एकेका हाडावरून सांगता आलं असतं. स्वतः टाकताना काय होतं ते आठवेना. त्याने लिहीत सुटायचं ठरवलं आणि दोन पानं भरली. बायकोने चहा ठेवता ठेवता नजर टाकली आणि बोट ठेवलं.

"हे पाहिलंत का? डाव्या कुशीवर, मान आत घेतली, थाप वेळेवर. हे तुम्हीच पडलात."

तिसऱ्या ओळीपासून खालपर्यंत तो पडतच आला होता. त्याने ती दोन पानं फाडली नाहीत. वही मिटली आणि तशीच ठेवून दिली. परीक्षेला खऱ्या चौदा वह्याच घेऊन जायच्या, जे आहे ते आहे, असं तो बायकोला म्हणाला. ती म्हणाली, जे आहे ते त्यांनी वाचलं म्हणजे झालं.

परीक्षा एका शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये होती. टेबलामागे तीन परीक्षक, मधल्या बाई पांढऱ्या केसांच्या, गुडघ्याला पट्टी बांधलेल्या. वह्यांची पिशवी पाहून त्यांनी विचारलं की यात काय वाणसामान आहे का. मग एक वही घेऊन त्यांनी मधूनच चार पानं वाचली, मग दुसरी घेतली. इतकी नीट ठेवलेली वही मी पाहिली नाही, असं त्या शेजारच्याला म्हणाल्या आणि गादीकडे वळल्या.

"पण यात तुम्ही कुठे आहात?"

"खाली," तो म्हणाला. "जो खाली आहे तो मी."

शेजारचा परीक्षक हसला, बाई हसल्या नाहीत. नियमाप्रमाणे ही वही चालत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं, पण एकवीस वर्षं मॅटवर काढलेल्या माणसाला दारातून परत पाठवत नाही, आधी डाव बघू, वहीचं नंतर बोलू. दार अर्धं उघडं राहिलं, एवढं त्याला कळलं.

जोडीदार म्हणून पोस्टवाला उभा होता. पहिला डाव पायाचा, तो बरा झाला. पोस्टवाला पडला, उठला, डोळ्यांनी शाबास म्हणाला. दुसरा खांद्यावरचा. गादीने बाही पकडली, वळला, पाठ लावली, गुडघे वाकवले. पोस्टवाल्याने कुणीही सावरेल तसं जरासं अंग सावरलं, आणि बाहीला ताण बसला. त्या ताणाबरोबर गादीचे पाय मॅटवरून सुटले. तो पोस्टवाल्याच्या पायाशी डाव्या कुशीवर आडवा झाला, मान आत, थाप वेळेवर. हॉलमध्ये ती थाप दूरवर ऐकू गेली.

मी काही केलं नाही, पोस्टवाला टेबलाकडे बघून म्हणाला. खरंच केलं नव्हतं. बाईंनी परत करायला सांगितलं. परत तेच. बाहीला ताण बसला की काय करायचं ते अंगाला बासष्ट हजार वेळा शिकवून झालं होतं, आणि अंग आता कुणाचं ऐकत नव्हतं. तिसऱ्या वेळी तो दात आवळून उभा राहिला, पाय रोवले, वळला, आणि पडला. मागे बसलेल्या मुलांतून कुणीतरी फिसकन हसलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं.

बाईंनी हात वर केला. त्यांनी बोलावून घेतलं तेव्हा आवाज खाली आणला होता. म्हणाल्या, वहीचं मी काहीतरी केलं असतं. याचं मला काही करता येत नाही. त्यांनी वह्या स्वतः पिशवीत भरून दिल्या.

तो भिंतीला टेकून बसला. पोस्टवाल्याची दुपारची पाळी होती, तो कपडे बदलून पळाला. शेवटची उमेदवार दुसऱ्या क्लबची एक मुलगी, एकविशीतली. तिच्या जोडीदाराचा घोटा सराव करताना मुरगळला होता आणि त्याला पाय टेकवत नव्हता. परीक्षक बाईंनी हॉलभर विचारलं की हिच्या वजनाचं कुणी आहे का, नाहीतर हिला सहा महिन्यांनी यावं लागेल. मुलगी रडत नव्हती, पट्ट्याचं टोक पिळत होती. हिच्या वजनाचा हॉलमध्ये एकच माणूस होता. सरांना त्याच्या मानेचं माहीत होतं. सर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

त्याला कुणी उठ म्हटलं नाही. तो उठला. मॅटवर जाऊन मुलीसमोर वाकला आणि तिची बाही धरायची पद्धत पाहून हळूच म्हणाला, अंगठा आत घे. मग एकोणीस वेळा पडला. मुलीचे डाव साधारण होते. त्याच्यामुळे ते दिसायला देखणे झाले. चौदाव्याला ती घाबरून अर्ध्यात थांबली आणि तो खांद्याऐवजी मानेवर आला. हाताला वीज लागावी तसं झालं. उठून त्याने तिला खुणेने सांगितलं, चालू दे. ती पास झाली. टेबलाकडून बाई सरांना म्हणाल्या की असा माणूस प्रत्येक क्लबात हवा. सरांनी मान तुकवली, कौतुक आपलंच झाल्यासारखी.

कपडे बदलायच्या खोलीत तो पट्ट्याची गाठ सोडायला गेला तेव्हा डाव्या हाताची तीन बोटं दुसऱ्या कुणाची असावीत तशी गाठीवर नुसती ठेवलेली होती. सर डोकावले. बरा आहेस ना? हो सर. मग मंगळवारी ये, नवी बॅच आहे, असं सर बोलून गेले, आणि मग त्यांनाच ते ऐकू आल्यासारखे क्षणभर दारात घोटाळले आणि निघून गेले. त्याने एका हाताने अंगावरच्या ज्यूडोच्या पांढऱ्या सदऱ्यावर कोट चढवला, वह्यांची पिशवी उजव्या हातात घेतली आणि तसाच बसने घरी आला.

बायकोने दार उघडलं आणि कोटाखालचं पाहिलं. त्याला खुर्चीवर बसवून ती गाठीशी खटपट करायला लागली. घामाने गाठ दगडासारखी झाली होती. तिने नखं लावली, काट्याचं टोक घालून पाहिलं. मध्येच तिने त्याचं डावं बोट चिमटीत घेऊन जोरात दाबलं आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं. तोंडावर काही उमटलं नाही.

"सुटत नाही," ती म्हणाली. "कापू का?"

"काप."

पट्टा आठ पदरी असतो, मध्ये शिवणींच्या ओळी. स्वयंपाकघरातली कात्री त्याच्यावरून घसरत होती. तिला दोन्ही हात लावावे लागले, आणि तेवढा वेळ तो हलू नये म्हणून पोट आत ओढून बसून राहिला.