मॅच चालू असताना फोन करायचा नाही

मुंबईच्या विमानतळावर काचेच्या दारापाशी आईने माझ्या हातात शेंगदाण्याच्या चटणीची पुडी कोंबली आणि ती रडायला लागली. अण्णा रडले नाहीत. त्यांनी डोक्यावरची पिवळी टोपी काढून माझ्या पर्समध्ये सारली आणि म्हणाले, "एक लक्षात ठेव. मॅच चालू असताना फोन करायचा नाही." लग्न होऊन चार महिने झालेली मुलगी नवऱ्याकडे नेदरलँड्सला निघालीय आणि बापाला मॅच सुचतेय, म्हणून आई त्यांच्यावर जाम चिडली. मला मात्र धीर आला. त्यांचा आवाज नेहमीसारखा होता, एवढंच मला तेव्हा हवं होतं.

मॅच क्रिकेटची नव्हे, बेसबॉलची. जळगावात बेसबॉल, हे ऐकून पुण्याचे लोकही हसतात. पण आमच्या घरामागच्या मैदानावर पिवळ्या टोप्यांचा एक क्लब खेळतो आणि अण्णा पस्तीस वर्षं त्याचे स्कोअरर. मोठी आडवी वही, प्रत्येक बॅटरपुढे एक चौकोन, आणि तो कुठल्या बेसपर्यंत पोचला ते पेन्सिलीने त्यात काढायचं. एक चेंडू नजरेतून सुटला की पान नासतं, म्हणून फोन नको. त्यात कॉलेजात असताना एकदा मी सातव्या डावात फोन करून "जेवायला कधी येताय" असं विचारलं होतं. त्याच डावात आमचा पिचर ढेपाळला आणि हातातली मॅच गेली. तेव्हापासून नियमाची शपथच झाली. घरात कुणाला ताप आला तरी मॅच संपल्यावर सांगायचं.

नेदरलँड्समधल्या आमच्या गावी, डीमनला, आल्यावर पहिल्या वर्षी मला सगळ्याचीच भीती वाटायची. सायकलची, ट्राममधून उतरताना कार्ड टेकवायचं विसरण्याची, गेमेंटेकडून म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून आलेल्या, एक अक्षर कळत नसलेल्या पत्रांची. त्या दिवसांत शनिवारची मॅच हा माझा आधार होता. डाव संपला की अण्णांचा मेसेज यायचा. त्यात फक्त दोन आकडे, आधी आपले, मग त्यांचे. मी सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात पिवळी टोपी घालून बसायची आणि नऊ डाव होईपर्यंत उठायची नाही. मंदार म्हणजे माझा नवरा चहा आणून द्यायचा आणि म्हणायचा, "इंजिनिअर बाई, तुम्ही उठलात तर जळगावात चेंडू सुटतो का?" सुटतो, असं मी अगदी मनापासून सांगायची.

हळूहळू बाकीच्या भीती गेल्या. नोकरी लागली, ईरा झाली, पत्रं वाचता यायला लागली. एक भीती राहिली, आणि माझ्यासारखे जे लांब येऊन राहिलेत त्यांना ती समजावून सांगायला नको. घरून अवेळी आलेला फोन. मात्र न आलेला फोन त्याहून वाईट असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये क्लब पहिल्यांदाच फायनलला पोचला. जळगावात दुपारचा दीड, भाजून काढणारं ऊन. इथे सकाळचे दहा, आणि माझ्या पायावर पांघरूण. पाच डावांचे पाच मेसेज आले. शेवटचा होता तीन-दोन. आपण पुढे.

सहाव्या डावाचा मेसेज आला नाही.

पंधरा मिनिटं मी खूश होते, मोठा डाव चाललाय म्हणून. मग अर्धा तास झाला, मग तास. मंदार म्हणाला, "फोन कर ना."

"डाव चालू आहे."

"एक तास?" तो बोलून गेला आणि त्याचाच चेहरा उतरला.

ईराने माझा हात धरला आणि सोडला. "ममा, यू आर कोल्ड," ती म्हणाली. तरी मी फोन केला नाही. हे लिहितानाही मला माझी लाज वाटते. मॅच हे निमित्त होतं. फोन करत नव्हते तोवर काही झालेलं नव्हतं. मी त्या कोपऱ्यात बसून राहिले तर अण्णाही तिकडे आपल्या खुर्चीत बसून राहतील, असं काहीतरी मनाने धरलं होतं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

शेवटी मी उठले आणि आईला फोन लावला. ती हळू बोलत होती, हॉस्पिटलात बोलतात तसं.

"संपली का गं मॅच?" तिने विचारलं.

अण्णांच्या छातीत सहाव्या डावात दुखायला लागलं होतं. त्यांना रिक्षात घालताना ते आईला म्हणाले, "तिला आत्ता कळवू नकोस. मॅच चालू आहे." ज्या नियमाला आईने जन्मभर नावं ठेवली, तो तिने नेमका त्या दिवशी पाळला. एकटीने, हॉस्पिटलच्या बाकावर, तासभर. इकडे मी पाळला.

दुसऱ्या दिवशी मी विमानात होते. फोन बंद ठेवायचे ते तास कसे काढले ते मला सांगता येणार नाही. पोचले तेव्हा अण्णा डोळे उघडे ठेवून पडले होते. त्यांनी पहिलं विचारलं, "मधे फोन केलास?"

"केला."

"तरीच हरलो." आणि ते हसायला लागले, तशी नर्स धावत आली.

त्यांची वही मी इकडे घेऊन आले. सहाव्या डावाच्या तिसऱ्या चौकोनात रेघ पहिल्या बेसपासून निघते आणि घसरत पानाखाली जाते. ते पान मी अजून नीट बघू शकत नाही.

आता अण्णांना मैदान बंद आहे. मॅच लाइव्ह बघायलाही आईची बंदी, जीव वरखाली होतो म्हणून. क्लबचा कॅप्टन मैदानाकडे मोबाईल लावून मला मॅच लाइव्ह दाखवतो, आणि मी इथे सोफ्याच्या त्याच कोपऱ्यात बसून त्यांच्या वहीत स्कोअर लिहिते. डाव संपला की अण्णांना दोन आकडे पाठवते.

गेल्या शनिवारी चौथ्या डावात फोन वाजला. स्क्रीनवर 'अण्णा'. पेन्सिल हातातून पडली.

"काय झालं? आई कुठाय?" मी ओरडलेच.

"काही नाही गं. घाबरलीस?"

"अण्णा, डाव चालू आहे!"

"चालू दे. तू मेसेज करेपर्यंत मी इथे घाबरून बसलेला असतो. आज म्हटलं, दोघं मिळून घाबरू."

मग फोन तसाच चालू राहिला. त्यांचा श्वास ऐकू येत होता आणि मागे आईने लावलेल्या कुकरची शिट्टी. घर कुठलं, असं इथे लोक एकमेकांना फार विचारतात. मला एवढंच कळलंय की जिथून मला मधेच फोन येऊ शकतो आणि जिथे मी मधेच करू शकते, ते माझं घर. भीती गेलेली नाही. ती जाणारही नाही.

त्या दिवशीच्या पानावर तीन चौकोन रिकामे राहिले. आम्ही हरलो की जिंकलो ते अण्णांनी विचारलं नाही.