कॅसेटीत नसलेला डोंगा

माझ्या देवमन मामाला अमरावतीच्या राजापेठेत नावानं कुणी ओळखत नाही. ‘पासपोर्ट फोटोवाले काका’ म्हटलं की लोक बरोबर दुकान दाखवतात. त्याच दुकानाच्या वर माझे गणिताचे क्लासेस आहेत, त्यामुळे दिवसातून एकदा तरी मामाशी वाद घालणं हा माझा नित्यनेम. विषय बहुतेक वासाचा. जुन्या व्हिडिओ कॅसेटींना बुरशी चढते, मामा त्या खोलून स्पिरिटनं पुसतो, आणि तो कुबट वास जिना चढून थेट माझ्या दहावीच्या बॅचमध्ये येऊन बसतो.

“मामा, हे दुकान आहे का दवाखाना?”

“दवाखानाच समज,” तो मान वर न करता म्हणतो. “पेशंट लय जुने हायेत.”

हे पेशंट म्हणजे आमचं बेटखेड. पूर्णा नदीच्या दोन धारांमध्ये अडकलेलं बेट. उन्हाळ्यात वाळूतून चालत जाता यायचं, एरवी डोंग्याशिवाय, म्हणजे लाकडी होडीशिवाय, गत्यंतर नव्हतं. पुढे धरण झालं, गाव उठलं, कुणी अकोल्यात गेलं, कुणी अमरावतीत, आणि बेट पाण्याखाली गेलं. त्याआधी पंधरा-वीस वर्षं गावातली लग्नं, बारशी, जयंतीची मिरवणूक, सगळं मामानंच आपल्या कॅमेऱ्यात धरलं होतं. आता गावची माणसं कपाटं आवरताना सापडलेल्या कॅसेटी आणि अल्बमच्या प्लास्टिकला चिकटून बसलेले फोटो पिशवीत घालून त्याच्याकडे आणतात. मामा त्यातलं जे वाचेल ते संगणकात उतरवतो. पैशाचं विचारलं तर ऐकू आलं नाही असं दाखवतो. म्हातारपणाचा असा सोयीनं वापर करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या हिवाळ्यात अकोल्याहून इंदूबाई आल्या, सून पिंकीचा हात धरून. बेटखेडचा डोंगा चालवायचे त्या बुधाजींची ही बायको. बुधाजी गाव उठण्याआधीच तापानं गेले. जय भीम झाला, पाणी झालं, मग इंदूबाई म्हणाल्या, “देवमन, माया घरात बुद्धाची, बाबासाहेबाची तसबीर हाय. सासऱ्याचा फोटो हाय. याईचाच नाई. मतदानाच्या कार्डावर होता, थो बी ओल लागून गेला. नातवंडं इचारतात, आबा कसे होते.” मग खाली बघत म्हणाल्या, “सांगू काय बाप्पा? मलेच आता चेहरा नीट आठवून नाई राहिला.”

मामा म्हणाला, “पाहतो वैनी.” त्या गेल्यावर मात्र तो नुसताच बसून राहिला.

“एवढं काय त्यात?” मी म्हटलं. “गावातलं प्रत्येक वऱ्हाड त्यांच्याच डोंग्यातून उतरलं. कुठंतरी असतीलच.”

“एकाबी कॅसेटीत डोंगा नाई, ज्योत्स्ना.”

लग्नाची कॅसेट तेव्हा घरात राहत नसे. धाकट्या भावाची सोयरीक जुळवताना ती पाहुण्यांकडे फिरायची. त्यात नदी दिसली, डोंगा दिसला, की गावाला रस्ता नाही हे उघडं पडणार, मग मुलगी कोण देणार? म्हणून शूटिंग ठरवतानाच घरची मंडळी मामाला बजावायची: डोंगा घेऊ नको. मामा वऱ्हाड काठावरून वर आणून, पाटलाच्या ट्रॅक्टरपाशी उभं करून मगच लग्नाचं शूटिंग सुरू करायचा. त्या कॅसेटी पाहून वाटावं, बेटखेडला चारही बाजूंनी डांबरी सडका आहेत.

मला संताप आला. ज्या माणसानं सगळ्या गावाची लग्नं पार नेली, त्यालाच लपवून ठेवलं! मी मामाला वाट्टेल ते बोलले. तो म्हणाला, “मी लपवला, पोरी. सांगतलं त्याईनं, पण कॅमेरा माया हातात होता.”

दुसऱ्या दिवशी त्यानं माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली. तिच्यात कॅमेऱ्यात घालायच्या मूळ कॅसेटी होत्या; लग्नघरी जायची ती त्यांवरून काढलेली नक्कल. कोऱ्या महाग पडायच्या म्हणून तो एकाच कॅसेटीवर पुन्हा पुन्हा शूटिंग करायचा, जुनं लग्न पुसून नवं. त्यात काय उरलं असणार? तरी तो रोज एक लावून बसायचा. मीही बॅच सुटली की जाऊन बसायचे. हळदी, पंगती, रुसलेले जावई, सगळं होतं. बुधाजी नव्हते.

मग एका दुपारी त्यानं मला जिन्यातूनच हाक मारली. कॅसेटीच्या अगदी सुरुवातीला, लग्नाच्याही आधी, पडदाभर पांढरं कापड दिसत होतं. कापड हललं, कॅमेरा वर सरकला, आणि बुधाजी दिसले. कपाळावर आठ्या. “झालं का देवमन? वऱ्हाड खोळंबलं ना बे!”

ती ट्रायल होती. तो कॅमेरा सुरू केला की त्याला आधी काहीतरी पांढरं दाखवावं लागायचं, म्हणजे बाकीचे रंग खरे येतात. मग यंत्र नीट चालतं का, हे बघायला थोडं शूटिंग. हे सगळं तो नदीकाठीच उरकायचा, आणि तिथं सगळ्यांत पांढरा बुधाजींचा सदरा. पुढचं लग्न घेताना मामा कॅसेट अगदी आरंभापर्यंत मागे नेत नसे, म्हणून तो तुकडा पुसला गेला नव्हता. “ट्रायल कोन ध्यानात ठेवते?” मामा म्हणाला आणि डोळे पुसायला लागला.

इतर कॅसेटींच्या सुरुवातीलाही तशा काही ट्रायल निघाल्या. मामानं त्या एकापाठोपाठ जोडल्या. केस पिकत गेले, पुढचे दात गेले, करवादणं तेच राहिलं.

इंदूबाईंनी ते पाहिलं तेव्हा आधी त्या हसल्या. “असेच करवादे,” म्हणाल्या. मग रडल्या, पिंकीही रडली, मीही. शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, “पन पैले सदराच काहून दिसते?”

मामानं ट्रायलचं सांगितलं. इंदूबाईंनी पडद्यावरच्या सदऱ्यावर बोट ठेवलं.

“लग्न असलं का पांढराच सदरा मांगे. चिखलात, डोंग्यात, पांढरा! म्या लय भांडली त्याईच्याशी. नीळ घालू घालू बोटं निळी होत. काहून पायजे, ते कदी सांगतलं नाई मले.”

“वैनी,” मामा म्हणाला, “साऱ्या गावाचे रंग म्या तुमच्या धुन्यावरून लावले.”

भिंतीवर लावायला फोटो मोठा करायचा होता. मामानं पडद्यावर बुधाजींचा चेहरा थांबवला, आणि तेवढाच कापून घ्यायला माउस धरला. इंदूबाईंनी त्याचा हात धरला.

“पुरा घे,” त्या म्हणाल्या. “सदऱ्यासंगट. थो म्या धुतला हाय.”