नकाशाच्या कापडावरची ओळ

माझ्या अक्षराचा मला भारी गर्व होता. सत्तरच्या दशकात मी नागपुरात एका सरकारी कचेरीच्या नक्कल शाखेत कारकून होतो. जुन्या दप्तरातला मजकूर हातानं उतरवायचा, खाली 'खरी नक्कल' लिहायचं, शिक्का मारायचा आणि फी घेऊन द्यायचा, एवढंच काम. लोक शिक्का बघत. मी मात्र माझ्या वेलांट्या बघत बसे.

एकदा हुडकेश्वरकडून एक म्हातारी बाई पायी आली. तिचे मालक गावचे कोतवाल होते, नुकतेच वारलेले. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत, त्यांनी आपल्याच मुलीचा जन्म लिहिला होता. बाईला ती नोंद हवी होती. मी मन लावून उतरवून दिली. तिनं कागद उलटसुलट पाहिला आणि परत माझ्यापुढे ठेवला.

"हे नाही, बाबू."

माझंच काही चुकलं असेल म्हणून मी दुसरी नक्कल केली. आठवड्यानं तिनं तीही परत आणली. माझं डोकं फिरलं.

"आजी, तुमाले वाचता तरी येते का?"

"नाही येत. पण हे त्यायचं अक्षर नोहे. मी त्यायचं अक्षर पाहाले आली."

"मग घरी काही लिहिलेलं असंन ना?"

"घरचं कायले लिवतीन? ओसरीत बसून वही तेवढी लिवत. कागद सरकारचा, शाई सरकारची. सारं लिवणं सरकारात जमा केलं त्यायनं."

मला माझीच लाज वाटली. तिला वही नुसती दाखवू द्या म्हणून साहेबांना विचारलं. ते म्हणाले, वही दप्तरखान्यातून हलायची नाही आणि बाहेरचं माणूस आत जायचं नाही. फी भरली की मजकूर मिळतो, तेवढं पुरे. नियम तसाच होता, त्यांच्याशी काय भांडणार?

माझ्या शेजारच्या टेबलावर नकाशे काढणारा ट्रेसर बसे. गावनकाशाची नक्कल करायची तर मूळ नकाशावर पारदर्शक कापड ठेवून रेघ न् रेघ गिरवावी लागते. मी त्याला म्हणालो, "एक ओळ गिरवून दे ना गा."

"ओळीचा नकाशा? याले दर कोणता लावू?"

"सगळ्यात लहान नकाशाचा लाव. पैसे मी भरतो."

तो हसला, पण दप्तरखान्यात जाऊन नदीनाले काढतो तशीच त्यानं ती ओळ काढली. असल्या नकलेवर शिक्का द्यायला मात्र साहेबांनी साफ नकार दिला.

बाई आली तेव्हा मी ओशाळून कापड पुढे केलं. "याच्यावर शिक्का नाही, आजी. कुठं चालणार नाही हे."

तिचं लक्षच नव्हतं. कापड उजेडाकडे धरून ती एकेका अक्षरावरून बोट फिरवत होती. ओळीच्या मध्येच शाईचा एक मोठा थेंब पडलेला होता. ट्रेसरनं तोही इमानदारीनं गिरवला होता. तिथं तिचं बोट थांबलं.

"इथंसा पोरगी रडली ना, बाबू. लिवता लिवता टाक सोडून आतमंदी धावले."

आणि ती कापड डोळ्यांना लावून रडू लागली.

माझ्या दोन्ही खऱ्या नकलांत तो थेंब नव्हता. स्वच्छ दिसणार नाही म्हणून मी तो घेतलाच नव्हता.