बाल्कनीतून पाहिलेली तीन पावलं

मी दोन मुलं वाढवली, असं मी पस्तीस वर्षं लोकांना सांगत आलो. अमरावतीच्या शाळेत गणित शिकवलेल्या माणसाच्या आकड्यावर सहसा कोणी शंका घेत नाही. बायकोनेही कधी घेतली नाही. ती फक्त अशा वेळी चहा ठेवायला उठायची.

गेल्या एप्रिलमध्ये ती अंगणात घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. त्याच आठवड्यात तिला अकोल्याला मुलीकडे जायचं होतं. मुलगी तिथे दवाखान्यात नर्स, जावई नोकरीसाठी बाहेरगावी, नात अकरा महिन्यांची, आणि तिला सांभाळणारी बाई स्वतःच्या लेकीच्या लग्नासाठी तीन आठवडे सुट्टीवर. बायकोची बहीण आमच्याकडे राहायला आली. रिकामा उरलो मी.

"मी जातो," मी म्हणालो.

"तुमाले जमते का ते?"

"दोन वाढवले ना आपण."

ती चहा ठेवायला उठली, मग हाताची आठवण होऊन परत बसली.

अकोल्याला पोचल्यावर मी वहीत वेळापत्रक आखलं. आठला खिमट, नऊला खेळ, दहाला झोप. नातीने ते पान पहिल्याच दिवशी खाल्लं. खिमट मात्र तिने माझ्या चष्म्यावर थुंकलं. ती दिवाण, खुर्ची, टेबल असं धरत धरत घरभर फिरायची, पण हात सोडायची नाही. चमचा खाली टाकायची आणि मी उचलून देण्याची वाट पाहायची. मी उचलायचो. ती टाकायची. वर्गात चुका करणाऱ्या पोरांना मी एवढा जीव लावला असता, तर त्यांनी माझं नाव काढलं असतं.

दहाव्या दिवशी दुपारी मी तिचे वाळलेले लंगोट काढायला बाल्कनीत गेलो. मागून वाऱ्याने दार आपटलं. दाराची आतली, खालची कडी ढिली होती. ती आपोआप सरकून फरशीच्या भोकात जाऊन बसली. मी बाहेर, नात आत. ती जिन्याकडे जाऊ नये म्हणून पुढचं दारही मीच आतून लावून घेतलं होतं. मोबाइल आत वाजत होता. बायकोचा असणार.

दाराशेजारच्या खिडकीच्या गजांतून नात दिसत होती. दिवाणाला धरून उभी होती आणि स्वयंपाकघराकडे बघत होती. मी मोठ्याने हाका मारू लागलो. शेजारच्या बाल्कनीत एक बाई आल्या.

"काहून ओरडून राहिले जी, काकाजी?"

"दार लागलं! पोरगी आत आहे!"

"घाबरू नका. तिले तुमच्याकडे पाहत ठेवा, अन् दोरीवरचा तो तारेचा हँगर सरळ करा. त्यानं कडी उचलते."

अकोल्याच्या उन्हात बाल्कनीची फरशी तव्यासारखी तापली होती आणि मी अनवाणी होतो. हँगर सरळ करताना मी एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होतो. नातीला हा नाच वाटला. ती खदखदून हसली, दिवाण सोडला, आणि दोन्ही हात वर धरून माझ्याकडे चालत आली. एक, दोन, तीन. चौथ्याला ती धपकन बसली आणि पुन्हा हसायला लागली.

पाय भाजतायत हे मी विसरलो. हँगर बाल्कनीतल्या वायपरच्या दांड्याला बांधून गजांतून आत घातला आणि पाचव्या खेपेला कडी उचलली. आत जाऊन तिला छातीशी धरलं, तर तिने चष्मा ओढला.

"चालली ना ती!" मी खिडकीतून शेजारच्या बाईंना ओरडून सांगितलं.

त्या म्हणाल्या, "काकाजी, तिच्या मायले सांगू नका. तिले तिच्या डोयानं पाहू द्या."

कडीचं मी संध्याकाळी सांगितलं आणि बोलणी खाल्ली. सुतारही बोलावला. पावलांचं गिळलं. रविवारी मुलगी घरी असताना नात दिवाण सोडून तिच्याकडे चालत गेली. मुलगी रडायलाच लागली. "बाबा, पाहिलं का? पहिलं पाऊल!"

"अरे वा! अरे बापरे! कमाल झाली!" मी म्हणालो. जरा जास्तच म्हणालो.

तिने लगेच आईला व्हिडिओ कॉल लावला. मी तिथेही पुन्हा "अरे बापरे!" म्हणून घेतलं. मग मुलीने विचारलं, "आई, मी कधी चालले होते?"

उत्तर मीच दिलं. "दिवाळीच्या सुट्टीत. माझ्यासमोर. मी दहा दिवसांनी गावाहून परत आलो आणि तू सरळ माझ्याकडे चालत आलीस."

 मुलीने फोन माझ्या हातात दिला आणि नातीला उचलून आत नेलं, तेव्हा बायको पडद्यावरून हळूच म्हणाली, "आठ दिवस आधीच चालली होती ते. तुमी येईपर्यंत मी कोणाले सांगितलं नाही. अन् आजचं तुमचं 'अरे बापरे' मले समजलं बरं."

 हात कसा आहे, असं मी विचारलं. बरा आहे म्हणाली.

पुढच्या आठवड्यात सांभाळणारी बाई परत आली. मी आणखी सहा दिवस राहिलो. का, ते कोणी विचारलं नाही.