खाली न पडणारे संघ

आमच्या तासगाव भागातल्या कबड्डीत पूर्वी वरच्या गटात आठ संघ असत आणि खालच्या गटात आठ. वरचे शेवटचे दोन खाली जायचे, खालचे पहिले दोन वर यायचे. इंग्लंडच्या फुटबॉलमध्येही हेच चालतं. कालपर्यंत मोठ्या मैदानावर मिरवणारा क्लब हरत गेला की पुढच्या साली कुठल्याशा आडगावात चिखल तुडवत असतो. मी शाळेत पीटी शिकवायचो, आता निवृत्त होऊन गावचा संघ सांभाळतो आणि मोबाईलवर ते सामने बघतो. जिंकणाऱ्यांपेक्षा शेवटच्यांची तोंडं बघायला मला जास्त मजा येते. स्वभावच आहे तसा.

गेल्या साली आमचा संघ खालच्या गटात पहिला आला. कित्येक वर्षं खाली कुजत होतो. आता फक्त वर चढायचं बाकी होतं, आणि तेवढ्यात जत्रेला अमेरिकेतला भाचा आला.

त्याच्या शहरातला संघ म्हणे दरवर्षी शेवटचा येतो.

"मग खाली जात असंल की रं?"

"नाही मामा, तिकडं खालचा गटच नसतो. संघ मालकाचा, कायमचा. उलट जो शेवटचा येतो त्याला नवा खेळाडू निवडायचा पहिला मान. त्यामुळं बरोबरी राहते."

"म्हंजे नापास पोराला पहिला बाक, वर पेढा!"

भाचा हसला. पण शेजारी बसलेले दोन पाहुणे हसले नाहीत. हे विट्याकडचे गलाईवाले, परमुलखात सोनं गाळायची दुकानं असलेले, आणि वरच्या गटातल्या शेवटच्या दोन संघांचे आश्रयदाते. अमेरिका त्यांना लगेच पटली. खाली पडायची वेळ आली की माणसाला असे मोठे विचार सुचतात.

आठवड्याभरात मंगल कार्यालयात सभा भरली. त्यांचा ठराव सोपा होता. वरच्या गटात आठाचे दहा संघ करायचे, म्हणजे आम्हालाही जागा. कुणी खाली जायचं नाही आणि मग दार कायमचं बंद. खेळाडू मात्र खालच्या गटासकट सगळ्या गावांतून निवडायचे, शेवटच्याला पहिला मान. मी विरोधाचे मुद्दे कागदावर लिहून नेले होते. पण आपल्याकडे सभेआधी सत्कार असतो. डोक्याला फेटा, खांद्यावर शाल, हातात नारळ, अशा अवस्थेत विरोध करणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. नारळ डाव्या हातात घेतला आणि उजवा वर केला. खोटं कशाला बोलू, फेट्याचं नुसतं निमित्त. आमची जागा पक्की होत होती, म्हणून मी हात वर केला. गावात येऊन सांगितलं, "आपण वर आलो!" पोरांनी गुलाल उधळला.

यंदा वरच्या गटात आम्ही दहापैकी दहावे आलो.

खालच्या गटात आटपाडीकडचं एक गाव पहिलं आलं. त्यांचा प्रशिक्षक माझाच जुना विद्यार्थी. वरच्या गटात नाव नोंदवायच्या आधी खेळाडूंची यादी मला दाखवायला तो माझ्या घरी आला. नियम बदलल्याचं त्याच्यापर्यंत कुणी पोचवलंच नव्हतं. मी त्याला चहा दिला आणि अख्खी अमेरिका समजावून सांगितली. कायमचे संघ, बरोबरी, शेवटच्याला पहिला मान. इतकं छान समजावलं की भाच्यालाही जमलं नसतं. तो मान खाली घालून ऐकत होता. त्याचा संघ वर येणार नव्हताच. शिवाय पहिली निवड आमची होती, आणि आमच्या पोरांना त्याचाच रेडर हवा होता. तेही मी सांगितलं.

त्यानं यादीची घडी केली.

"न्या गुर्जी. लय गुणी पोरगं हाय. फकस्त त्याला जिंकायची सवय हाय, तेवढी तुमच्याकडं मोडंल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो गेल्यावर मी त्या पोराचं नाव आमच्या संघात लिहून घेतलं.