एका गावी दोघी

तीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईजवळ किस्से साचतातच. घरी ऐकणारं कोणी असलं तर ते रोज थोडे थोडे सांगून होतात. माझे साचतच गेले. आज तुम्ही तावडीत सापडला आहात, तेव्हा लवकर उठू नका.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. मोठे साहेब नागपूरला, आणि आमच्या बदल्यांचे कागद अमरावतीहून निघायचे. माझा निघाला धारणीचा. शाळा एक, बाई एक. शाळा सुटली की दुसऱ्या दिवशी पोरी येईपर्यंत माझ्याशी बोलणारं कोणी नसायचं. एकदा नदीला पूर आला, रस्ता बंद, आठ दिवस शाळा भरली नाही. नवव्या दिवशी हजेरी घ्यायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. पोरी हसल्या, मीही हसले. पण आतून घाबरले होते. त्याच दिवशी ठरवलं, शिक्षक संघात स्त्री प्रतिनिधीची जागा कायम रिकामी असते, ती लढवायची आणि एकच ठराव करून घ्यायचा: खेड्यात बाईला एकटी पाठवायची नाही. एका गावी दोघी.

* * *

उमेदवारीच्या फॉर्मवर दोन शिक्षिकांच्या सह्या हव्या होत्या. मूर्तिजापूरच्या सुभद्राबाई म्हणाल्या, "सही देईन ना बाई, पण घरी इचारून." त्यांचे यजमान कापडाचे व्यापारी, भला माणूस. त्यांनी फॉर्म वाचला, "चांगलं काम करून राहिल्या बाई," म्हणाले आणि बायकोच्या जागी स्वतःच सही ठोकली. नांदगाव खंडेश्वरजवळच्या खेड्यात यमुना एकटीच राहून शिकवायची. तिथं नेमका तिचा भाऊ भेटीला आला होता. त्यानंही तेच केलं.

अकोल्याला संघाच्या कारकुनानं फॉर्म पाहिला. "बाई, हे दोघं कोन्त्या पोरींच्या शाळेत शिकवतात?"

दुसरा फॉर्म घेऊन मी दोघींकडे त्यांच्या शाळेच्या वेळेतच गेले.

* * *

माझ्याविरुद्ध कोणी बाई उभी राहिली नाही. उभे राहिले मुलींच्या एका शाळेचे हेडमास्तर. मी विचारलं, "गुरुजी, बायांच्या जागेवर तुम्ही?"

"पंधरा वर्षं पोरींच्या शाळेत काढले म्या. बायांची अडचन मले नाही समजत तं कोनाले समजते?"

मतदार सगळे पुरुष मास्तर, म्हणजे मी पडणारच होते. पण संघाची एक रीत होती. स्त्री प्रतिनिधीनं बैठकीत पुरुषांत बसायचं नाही. शेजारच्या खोलीत, दारावर चिक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा, सोडून बसायचं. सचिवांनी गुरुजींना ती खोली आणि तिथली एकुलती खुर्ची दाखवली. गुरुजींनी चिक उचलून आत पाहिलं आणि तिथल्या तिथे अर्ज मागे घेतला.

मी बिनविरोध निवडून आले. अकोल्याच्या स्टेशनावर पाव शेर पेढे घेतले. वाटायला कोणी ओळखीचं दिसेना, म्हणून एक खाल्ला आणि बाकीचे धारणीच्या पोरींसाठी ठेवले.

* * *

पहिल्या बैठकीत माझा ठराव आला. "ठरावाच्या बाजूचे हात वर करा," अध्यक्ष म्हणाले. चिकाआड मी दोन्ही हात वर केले. इतिवृत्तात लिहिलं गेलं, "ठरावाच्या बाजूने एकही हात नाही."

दुसऱ्या बैठकीत मी हात वर केलाच नाही. ठराव पुकारला गेला आणि मी आतूनच, शाळेतल्या आवाजात, सभासदांची हजेरी घ्यायला लागले. नाव ऐकलं की एकेक मास्तर सवयीनं उभा राहून "हजर" म्हणायचा. चौदाच्या चौदा उभे झाल्यावर मी म्हणाले, "उभे आहेत ते ठरावाच्या बाजूचे. विरोध असेल त्यानं खाली बसावं."

आधी कोणी बसावं, हे त्यांचं ठरेना. ठराव मंजूर झाला.

* * *

वरूनही मंजुरी आली. खेड्यात एकट्या राहणाऱ्या आम्ही नऊ जणी होतो. इन्स्पेक्ट्रेसबाईंनी प्रत्येकीला विचारलं, कोणाबरोबर राहायला आवडेल, एक नाव लिहून द्या. मी यमुनाचं दिलं.

यमुनानं दुसरीचं दिलं. त्या दुसरीनं यमुनाचं. अशा चार जोड्या सहज जमल्या.

पुढं भेटली तेव्हा मी यमुनाला विचारलं, "माझं नाव नाही गं सुचलं?" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुमाले काय बाई, तुमाले तं एकटं रायाची सवय हाये."

यादी तयार होऊन माझ्याकडे आली. वर आठ नावं, दोन-दोन करून. खाली एक ओळ: "यापुढे एकही शिक्षिका खेड्यात एकटी नाही. तपासून बरोबर आहे." त्याखाली नववं नाव होतं, स्त्री प्रतिनिधीच्या सहीच्या जागी.

मी यादी तपासली आणि सही केली.