कुंकू लावलेला स्विच

चार नेटवर्कवाले चहाला बसले की गप्पांत नेटवर्क कमी आणि माणसंच जास्त निघतात. नाशिकच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मला जेमतेम वर्ष झालंय, पण किस्स्यांचा साठा निवृत्त होणाऱ्या माणसाएवढा!

जर्मनीत शिकून परत आलो तो एक हट्ट घेऊनच. पेठ-सुरगाण्याची पोरं घरी नेट नाही म्हणून आमच्या लॅबमध्ये लेक्चरचे व्हिडिओ बघतात. दुपारी ऑफिसात क्रिकेट लागलं की ते व्हिडिओ जागीच गोल फिरत बसतात. हा अन्याय आहे! म्हणून कॉलेजचे सगळे कॉम्प्युटर जोडणाऱ्या पेटीवर, म्हणजे स्विचवर, मी फिल्टर लावायचं ठरवलं. कुठल्या कॉम्प्युटरनं कुठं जायचं आणि कुठं नाही, ते स्विचच ठरवणार.

प्राचार्य म्हणाले, "दसऱ्यानंतरच्या सोमवारी लॅबमध्ये येतो. एक जरी व्हिडिओ अडकला, तर तुझे फिल्टर काढायचे."

* * *

स्विच नियम वरून खाली वाचतो आणि ज्याच्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही त्यालाही अडवतो. मी क्रिकेट अडवलं, पण 'बाकी सगळं जाऊ दे' लिहायचं राहिलं. अख्खं कॉलेज बंद!

हेडक्लार्क शिरसाठ भाऊसाहेब घोटीचे. त्यांचा फोन आला, "फिल्टर लय भारी हाय, सर. पाणीच येत नाय!"

* * *

हा पराक्रम मी इंदिरानगरात घरी बसून, नेटवरूनच केला होता. म्हणजे माझीही वाट बंद! स्कूटर काढून पंचवटीतलं कॉलेज गाठलं.

वॉचमन म्हणाला, "काय विसरलं, सर?"

"काही नाही. स्वतःलाच बाहेर ठेवून कुलूप लावलंय!"

* * *

ऑफिसचं क्रिकेट एकदाचं बंद झालं. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर, मागे सगळं ऑफिस. प्राचार्य दारातून डोकावले आणि गहिवरले, "वाचनसंस्कृती जिवंत आहे!"

मी लायब्ररीवरही फिल्टर लावला. मग प्रत्येकजण स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या डेटावर मॅच बघू लागला आणि एकेकटा येऊन कुजबुजू लागला, "माझं एकट्याचं खोला ना, सर. कोणाला सांगत नाय."

* * *

तो सोमवार उजाडला. सर्व्हर रूममध्ये जाऊन पाहतो तर स्विचला झेंडूची माळ!

कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख बोरस्ते मॅडम म्हणाल्या, "सुट्टीआधी शस्त्रपूजा केली रे. कुंकू लावताना शॉक नको, म्हणून प्लग काढला होता. परत लावलाय हं!"

मी नियम सेव्ह केलेले नव्हते. प्लग निघाला आणि सगळे फिल्टर पुसले गेले. क्रिकेट खुलं, सगळं खुलं! मी पहिली ओळ टाइप करतोय तोच प्राचार्य लॅबमध्ये.

पोरांनी व्हिडिओ लावले. मी डोळे मिटले.

एकही अडकला नाही.

"शाबास! फिल्टर म्हणजे असा कडक हवा!" प्राचार्य म्हणाले.

"पूजा फळते," मॅडम म्हणाल्या.

ऑफिसात डोकावलो. डब्याला टेकवलेला मोबाइल भाऊसाहेबांनी झटकन उलटा केला.

"सर, सगळा डेटा संपला माझा. आता तरी माझं एकट्याचं खोला की!"

मी त्यांच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"अवघड आहे, भाऊसाहेब. बघतो."